सुरक्षित, पण कोणाला?

आजचा विषय मधमाशीचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने मधमाशीवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण आम्ही आयुष्यभर एकच काम केलं, शब्दांचे अर्थ तपासण्याचं. आज एकच शब्द तपासू. 'सुरक्षित'.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही एका स्नेह्यांच्या शेतावर गेलो होतो. कांदा बीजोत्पादनाचा प्लॉट. डेंगळे उभे, त्यांवर पांढरे गोंडे फुललेले. फुलकिडे दिसले म्हणून आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता फवारणी झालेली. इतकी फुलं, पण शेत अगदी मुकं. बांधावरच्या पेटीच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता. स्नेही म्हणाले, "सर, दुकानदाराने निळ्या त्रिकोणाचं औषध दिलं. लाल नव्हतं. सुरक्षित आहे म्हणाला."

आता, हा त्रिकोण काय सांगतो? आपल्याकडे औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो ठरतो प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या चाचण्यांवरून. पोटात गेल्यावर दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅमने निम्मे प्राणी मरतात, हे त्यात पाहतात. ५०१ ते ५००० मिलिग्रॅम असेल तर निळा. म्हणजे हा रंग माणसाचा आणि जनावराचा विचार करून दिलेला आहे. माशीचा विचार त्या रंगात नाही.

थायामेथोक्झाम हे कीटकनाशक घ्या. उंदरासाठी हा आकडा सुमारे १५०० मिलिग्रॅम, म्हणजे निळा वर्ग. मधमाशीच्या पोटात मात्र सुमारे ५ नॅनोग्रॅम गेलं तरी ती मरू शकते. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले पाच! तेव्हा दुकानदार खोटं बोलला नव्हता. त्याचं वाक्य अर्धवट होतं. 'उंच' म्हटलं की कोणापेक्षा, हे विचारावं लागतं. 'सुरक्षित' हा शब्दही तसाच आहे. कोणाला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही.

इथे कोणी म्हणेल, माशी मेली तर माझं काय गेलं? कांद्याच्या फुलाकडे पाहू. त्यात पुंकेसर आधी पिकतात, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. त्यामुळे त्या फुलाचे पराग त्याच फुलाच्या उपयोगी पडत नाहीत. कोणीतरी ते दुसऱ्या फुलावरून आणून द्यावे लागतात. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया धरू शकतात, पण पराग पोचले तरच. हे काम सातेरी, फुलोरी, आग्या या माश्या करतात, साध्या माश्याही करतात. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींच्या प्लॉटमध्ये ५०० मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. का? तर माशी पराग घेऊन तिथवर जाते म्हणून. बियाण्याचा नियम माशीला कामकरी मानतो, फवारणी करताना आपण तिला विसरतो. आमच्या स्नेह्यांनी पुढे गोंडे चोळले, तेव्हा बी थोडं आणि फोलपट फार निघालं. फुलकिड्यांपासून पीक वाचवलं, पण बी गेलं.

मग फवारायचंच नाही का? असं सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. ज्याचं कर्ज डोक्यावर आहे, त्याला घरात बसून उपदेश करू नये. पण निवड फवारणं किंवा न फवारणं, एवढीच नाही. कधी फवारायचं आणि काय फवारायचं, हेही आपल्या हातात असतं. गोंडे फुलण्याआधीच किडीवर लक्ष ठेवावं. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळावी. अगदीच भाग पडलं तर सूर्य मावळल्यावर, माश्या पोळ्यात परतल्यावर करावी. शेजारी कोणी पेट्या ठेवल्या असतील तर त्याला आदल्या दिवशी सांगावं, म्हणजे तो पेट्या हलवील.

मात्र संध्याकाळची वेळ पाळली की झालं, असंही नाही. थायामेथोक्झामसारखी औषधं आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसात शिरतात आणि मकरंदात, परागात उतरतात. रात्री फवारलं तरी सकाळी माशी तेच पिते. म्हणून युरोपीय संघाने या गटातल्या तीन औषधांवर २०१३ मध्ये निर्बंध घातले, आणि २०१८ मध्ये त्यांचा उघड्या शेतातला वापर थांबवला. बंदिस्त हरितगृहात तेवढी मुभा ठेवली.

आणखी एक गोष्ट. पेटीतल्या माशीला मालक असतो, तो तक्रार तरी करतो. झाडावरच्या आग्या मोहोळाला, बांधाच्या मातीत घर करणाऱ्या एकट्या माशीला कोण आहे? सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. बांध तिला कळत नाही. आपल्या शेतात आपण काय करतो, त्याचा हिशेब तिच्यामार्फत शेजाऱ्याच्या शेतात निघतो. 'माझं शेत, माझा निर्णय' हे वाक्यसुद्धा मग अर्धवटच ठरतं.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात आणि समोरचा 'सुरक्षित आहे' म्हणाला, तर त्रिकोणाचा रंग बघा आणि त्याच्या जोडीला एवढंच विचारा, "कोणाला?" त्याला उत्तर येत नसेल, तर लेबलवरचा बारीक मजकूर त्याच्याबरोबर वाचा. आणि पीक फुलोऱ्यात असेल तर डबा उघडण्याआधी एकदा शेतात उभं राहून कान द्या. गुणगुण ऐकू येत असेल, तर कामकरी कामावर आहेत असं समजा.