मुलगी म्हणते, अमेरिकेत रोटेशन करायचंय



रोटेशन म्हटलं की आपल्याला कालव्याचं पाणी आठवतं. कधी सुटणार, किती दिवस चालणार, आपल्या चारीला कधी येणार? पण मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा शब्द वेगळ्याच कामासाठी आला. गटातल्या एका काकूंची मुलगी एमबीबीएस झाली आहे. तिला अमेरिकेत फॅमिली मेडिसिनचं रोटेशन करायचंय, आणि त्यासाठी काकूंनी गटाकडे कर्ज मागितलं. कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण पैसे नेमके कशाला लागणार, हे काकूंनाच सांगता येईना. मग आम्ही मुलीलाच बोलावलं, कागद पाहिले, विचारपूस केली. त्यातून जे कळलं ते आज सांगणार आहोत. कारण आज काकूंची मुलगी आहे, उद्या तुमची-आमची असेल.

आधी रोटेशन म्हणजे काय ते पाहू. सोपा शब्द आहे पाळी. डॉक्टर होताना मुलं एकेका विभागात ठरावीक आठवडे काम शिकतात. आपल्याकडे एमबीबीएसनंतर वर्षभर इंटर्नशिप असते. त्यात मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण असे विभाग पाळीपाळीने होतात, आणि काही आठवडे ग्रामीण आरोग्य केंद्रातही काढावे लागतात. अमेरिकेतलं रोटेशनही तसंच, बहुतेक चार आठवड्यांचं. तिथल्या डॉक्टरच्या हाताखाली राहून तिथली पद्धत शिकायची.

आणि फॅमिली मेडिसिन म्हणजे घरादाराचा डॉक्टर. बाळाची लस, सुनेचं गरोदरपण, सासूची शुगर, सासऱ्यांचं बीपी, सगळं एकाच ठिकाणी. आपल्याला वाटतं, हे तर साध्या डॉक्टरचं काम. अमेरिकेत मात्र १९६९ साली त्याला स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळाला. त्यासाठी पदवीनंतर तीन वर्षं रेसिडेन्सी करावी लागते.

आता रस्ता कसा आहे? अमेरिकेबाहेरच्या कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरला तिथे लगेच दवाखाना थाटता येत नाही. यूएसएमएलई नावाची परीक्षा असते. तिचे स्टेप वन आणि स्टेप टू हे टप्पे पार करायचे. ईसीएफएमजी या संस्थेचं प्रमाणपत्र मिळवायचं. मग सप्टेंबरमध्ये रेसिडेन्सीसाठी अर्ज, पुढे मुलाखती, आणि मार्चमध्ये निकाल. या निकालाला तिथे मॅच म्हणतात. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, हॉस्पिटलं आपली यादी देतात, आणि दोन्ही याद्या कॉम्प्युटर जुळवतो.

या सगळ्यात रोटेशन कुठे बसतं? अर्जाच्या आधी. अर्जासोबत डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात. ज्या अमेरिकन डॉक्टरने मुलीचं काम डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्या पत्राला वजन असतं. म्हणून मुलं रोटेशनसाठी धडपडतात. पण एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा: रोटेशन म्हणजे सीट नाही, नोकरी नाही, आणि परवानाही नाही.

मग महिनाभरात मुलगी शिकते काय? तिथे पेशंट वेळ ठरवून येतो. मुलगी आधी विचारपूस करते, मग मोठ्या डॉक्टरला थोडक्यात सांगते, नोंद कॉम्प्युटरवर होते. औषध घ्यायचं की नाही, कुठलं घ्यायचं, हे पेशंटशी बोलून ठरवतात. पेशंटला इंग्रजी येत नसेल तर फोनवर दुभाषी जोडून देतात. घरच्या माणसाला बाहेर बसवून बाईला एकटीला विचारतात, घरी तुम्ही सुरक्षित आहात का? मागच्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात मन लागेनासं झालं होतं का, हे दोन प्रश्नही नेहमीच्या तपासणीत येतात. बाळाला लसीला आणलेल्या आईला तिच्या स्वतःच्या मनाबद्दलही विचारतात. बैठकीत हे ऐकल्यावर आमच्यातली एक आजी म्हणाली, "पाच बाळंतपणं झाली माझी, पण मला कुणी विचारलं नाही गं हे." सगळ्या गप्प झाल्या.

आता पैशाकडे वळू, कारण फसगत इथेच होते. रोटेशन या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली इलेक्टिव्ह. ही कॉलेजात शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि तिच्यात पेशंट तपासायला मिळतो. दुसरी एक्स्टर्नशिप. ही पदवी झालेल्यांसाठी असते आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली थोडं काम करायला मिळतं. तिसरी ऑब्झर्वरशिप, म्हणजे नुसतं पाहायचं, पेशंटला हात लावायचा नाही. पदवी झालेल्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा ही तिसरीच येते. ती वाईट नाही. पण पैसे पहिलीचे मोजायचे आणि मिळायची तिसरी, असं व्हायला नको.

काकूंच्या मुलीला एका एजंटने कागद दिला होता. त्यावर मोठ्या अक्षरात रोटेशन लिहिलं होतं. पेशंट तपासायला मिळणार की नाही, याचा शब्द कुठेच नव्हता. व्हिसा नाकारला तर पैसे परत मिळणार का, तेही नव्हतं. म्हणून पैसे देण्याआधी हे लेखी विचारा:

हात लावून शिकायचं की नुसतं पाहायचं?

शिकवणारा डॉक्टर कोण, आणि जागा रेसिडेन्सी चालवणारं हॉस्पिटल आहे की खासगी दवाखाना?

विमा कुणी काढायचा? राहणं, जेवण, प्रवास फीमध्ये आहे का?

व्हिसा नाकारला तर किती पैसे परत, आणि किती दिवसांत?

आणखी तीन गोष्टी. कुणी म्हणालं, पैसे भरा, सीट पक्की, तर उठून या. मॅचमध्ये सीट कुणालाच पक्की करून देता येत नाही. दुसरं, कुणी म्हणालं, शिफारसपत्राचे वेगळे पैसे द्या, तर तेही नको. पत्र डॉक्टर स्वतः पाठवतो, मुलीला ते सहसा वाचायलाही मिळत नाही. तिसरं, व्हिसाच्या मुलाखतीत फिरायला चाललेय असं सांगायला कुणी शिकवलं, तर ऐकू नका. शिकायला जायचंय तर तेच सांगायचं. खोटं उघड झालं तर पुढची दारंही बंद होऊ शकतात.

आमच्या गटाने शेवटी असं ठरवलं. कर्ज एकदम द्यायचं नाही, टप्प्याटप्प्याने द्यायचं. आधी परीक्षेची फी. ती पास झाली की रोटेशनची बोलणी. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. रोटेशनच्या बऱ्याच जागी आधी परीक्षेचा निकाल मागतात, त्यामुळे हा क्रम मुलीलाही पटला. काकू मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या, ते थांबलं. आणि मॅच नाही झाली तर काय, हेही त्याच बैठकीत बोललो. मुलगी इथली डॉक्टर आहेच. कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून फिटेल, एवढंच कर्ज घ्यायचं.

शेवटी एक गंमत ऐका. रेसिडेन्सीला गेलेले बरेच परदेशी डॉक्टर जे-वन व्हिसावर असतात. शिक्षण झालं की त्यांना दोन वर्षं मायदेशी यावं लागतं. त्यातून सूट हवी असेल तर एक वाट अशी आहे, की जिथे डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षं काम करायचं. प्रत्येक राज्याला अशा ३० जागा दर वर्षी मिळतात. त्यातल्या कितीतरी जागा खेड्यापाड्यांतच असतात. म्हणजे अमेरिकेच्या खेड्यालाही डॉक्टर मिळत नाही आणि तिथे आपल्याकडची मुलगी जाते!

आम्ही काकूंच्या मुलीला एवढंच म्हटलं, जा, शिक, मोठी हो. पण ते दोन प्रश्न इकडच्या बायांनाही कुणीतरी विचारायला हवेत. ती म्हणाली, त्यासाठी अमेरिकेला जाऊन यायची काय गरज, सोमवारपासून आपल्या केंद्रातच विचारते की.

येतो आम्ही. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. नमस्कार.