गाणे उतरवून घेण्यापूर्वी

कॅसेटवरील गाण्याची नक्कल दुसऱ्या कॅसेटवर केली की तीत थोडी खरखर वाढते. त्या नकलेची पुन्हा नक्कल केली की खरखर आणखी वाढते. घरातील वडील माणसांना विचारा, त्यांना हा अनुभव असेल. उलट, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या, म्हणजेच डाउनलोड केलेल्या गाण्याची हजारावी नक्कलही पहिल्यासारखीच तंतोतंत निघते. असे का होते? आणि त्यामुळे गाणे घेताना आपणांस कोणती काळजी घ्यावी लागते? ते आता पाहू.

गाण्याचे आकडे

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. कॅसेटच्या फितीवर ही कंपने चुंबकत्वाच्या चढउतारांच्या रूपाने साठविलेली असतात. नक्कल करताना हे चढउतार थोडेफार बिघडतातच. सीडीची पद्धत निराळी आहे. तेथे दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. बिट म्हणजे ० किंवा १. डावा व उजवा असे दोन ध्वनी धरले, तर ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट दर सेकंदाला लागतात. आता ० च्या जागी ० आणि १ च्या जागी १ लिहायचे, एवढेच नकलेचे काम. त्यात खरखर शिरणार कोठून?

मात्र चार मिनिटांचे गाणे ह्या हिशेबाने सुमारे ४२ मेगाबाइट जागा व्यापते. टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ५६,००० बिट आणणाऱ्या जुन्या मोडेमने ते आणायला एक तास चाळीस मिनिटे लागली असती. ह्यावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रान्डेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपी३ ही पद्धत विकसित केली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो जपून ठेवायचा कशाला? असे भाग गाळल्यावर तेच गाणे सेकंदाला १,२८,००० बिटांत बसते. मोडेमचे काम नऊ मिनिटांवर आले.

अशा रीतीने नक्कल करणे सोपे झाले, पाठविणेही सोपे झाले. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या नॅप्स्टर ह्या सेवेवरून लोक एकमेकांच्या संगणकांतील गाणी फुकट घेऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००१ साली ती सेवा बंद पडली. पुढे एप्रिल २००३ मध्ये ॲपलने परवाने घेऊन, एका गाण्याला ९९ सेंट घेणारे दुकान इंटरनेटवर उघडले. आज अशा अनेक सेवा आहेत. त्यांतील चांगली कोणती, हे तीन प्रश्नांनी पारखता येते.

पहिला प्रश्न : परवाना आहे का?

नक्कल फुकट होते, म्हणून गाणे फुकट ठरत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण ह्यांवर वेगवेगळे हक्क असतात. गायक-वादकांनाही हक्क आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार ह्यांचा उत्पन्नातील वाटा अधिक सुरक्षित केला. परवाना नसलेल्या ठिकाणाहून गाणे घेतले, की हा वाटा बुडतो.

परवाना ओळखायचा कसा? गायकाच्या किंवा ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्वतःच्या पानावरून त्या सेवेकडे जाता येते का, ते पाहा. गीतकार, संगीतकार आणि कंपनी ह्यांची नावे दिली आहेत का, पैसे भरल्यावर पावती मिळते का, तेही पाहा. काल प्रदर्शित झालेल्या चित्रपटाची सर्व गाणी कोणी फुकट उतरवू देत असेल, तर सावध व्हा. अर्थात फुकट म्हणजे बेकायदा असेही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली काही कलावंत आपण होऊन गाणी खुली करतात. तेथे परवान्याच्या अटी वाचाव्यात.

दुसरा प्रश्न : फाइलमध्ये गाणेच आहे ना?

गाण्याच्या नावाखाली एखादा घातक प्रोग्रॅमही येऊ शकतो. फाइलच्या नावाचा शेवट नीट वाचा. तेथे एमपी३ किंवा फ्लॅक ह्यांऐवजी ईएक्सई किंवा एपीके असेल, तर ते गाणे नव्हे, प्रोग्रॅम आहे. तो उघडू नका. दुसरी कसोटी गणिताची. दर सेकंदाचे किलोबिट गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे किलोबाइट. १२८ किलोबिटांचे चार मिनिटांचे गाणे १२८ × २४० ÷ ८ = ३,८४० किलोबाइट भरले पाहिजे. फाइल दोनशे किलोबाइटची निघाली, तर काहीतरी चुकले आहे. मात्र आकार जुळला म्हणून फाइल निर्धोक, असे समजू नका.

पत्त्याजवळ दिसणाऱ्या कुलपाच्या चित्राचा अर्थही समजून घ्या. तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. दुकानदार प्रामाणिक आहे, हे ते सांगत नाही. म्हणून पैसे भरताना घरातील मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि ओटीपी कोणी विचारला तरी सांगू नका.

तिसरा प्रश्न : गाणे माझ्याजवळ राहील का?

दरमहा वर्गणी घेणाऱ्या सेवांवर उतरवून ठेवलेली गाणी बहुधा कुलूपबंद असतात. वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत. हे भाड्याच्या घरासारखे आहे. त्यात गैर काही नाही, पण आपण भाडे भरतो आहोत की घर घेतो आहोत, ते आधी माहीत हवे. विकत घेतलेल्या गाण्यालाही कुलूप असू शकते. याहूने २००८ साली आपले असे दुकान बंद केले, तेव्हा गाण्यांच्या किल्ल्या देणारे संगणकही बंद होणार होते, आणि ग्राहकांना भरपाई द्यावी लागली. ह्याउलट, आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ साली उघडलेले फ्लाइट हे गाण्यांचे दुकान २०१३ साली बंद झाले. पण तेथील एमपी३ गाण्यांना कुलूप नव्हते. ज्यांनी ती उतरवून जपली, त्यांची गाणी दुकानाबरोबर गेली नाहीत.

करून पाहा

घरातील फोनवर साठविलेल्या पाच गाण्यांच्या फाइली निवडा. प्रत्येकीची लांबी आणि आकार वहीत लिहा. किलोबाइटांना ८ ने गुणा व सेकंदांनी भागा. उत्तर १२८ च्या जवळ येते, की ३२० च्या? आणि प्रत्येक गाण्यापुढे ते कोठून आले, हेही लिहा. ज्या गाण्यापुढे काहीच लिहिता येणार नाही, त्याला वरील तीन प्रश्न विचारून पाहा.