घाटाखालचं बीड

जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर पनवेलजवळ गॅरेजं लागतात. घाट उतरून आलेल्या एखाद्या ट्रकचं चाक खोललेलं असतं आणि ब्रेकचा ड्रम शेजारी मातीत पालथा पडलेला असतो. त्याच्यावर पाना आपटून पाहावा. पोलादी पहार वाजली की तिचा नाद कानात रेंगाळतो. ड्रमचा आवाज उमटतो न उमटतो तोच विरतो. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे, आणि आवाज पोटात घेणं हा बिडाचा स्वभाव आहे.

चाकांशी या गावाचं नातं जुनं. गाडीची चाकं बनवणं हा पनवेलचा मुख्य धंदा, अशी नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. देशावरून माल घेऊन उतरलेली गाडी परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई. लाकडी चाकावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवायची तर ती आधी विस्तवात लाल करायची, फुगली की बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसताना ती चाकाला आवळून धरते. हे काम घडीव लोखंडाचं. बिडाची धाव लाल करून तिच्यावर पाणी ओतलं, तर ती तिथेच तडकेल.

असं का, याचं उत्तर कार्बनमध्ये आहे. नेहमीच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आत असतो, बिडात तीन-साडेतीन टक्के, आणि जोडीला दोनेक टक्के सिलिकॉन. इतका कार्बन लोखंडात मावत नाही. रस थिजताना तो बाहेर पडतो आणि ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचे, बारीक पापुद्रे होऊन धातूभर पसरतो. बीड ओढलं की पापुद्र्यांच्या टोकांशी चिरा सुरू होतात, म्हणून ते वाकत नाही, एकदम तुटतं. दाबलं तर मात्र ओढीच्या तीन-चारपट भार सोसतं. इंग्लंडात सेव्हर्न नदीवर 1779 साली बिडाची कमान बांधली. तिचा भार दाबाचा, म्हणून ती आजही उभी आहे. इंग्लंडातच डी नदीवरचा रेल्वेपूल बिडाच्या तुळयांवर होता. तुळईची खालची बाजू भाराखाली ताणली जाते. 1847 साली तो गाडीसकट कोसळला.

पण ज्या पापुद्र्यांमुळे बीड फुटतं, त्यांच्यामुळेच ते कामाला येतं. ते कंप जिरवतात, म्हणून लेथचा बेड बिडाचा. घासणाऱ्या पृष्ठभागाला ते वंगण होतात, म्हणून इंजिनातले लायनर बिडाचे. ते उष्णता भराभर वाहून नेतात, म्हणून भरलेला ट्रक बोरघाट उतरताना चटके देण्याइतका तापलेला ड्रमही काम करत राहतो. बिडाला ‘ठिसूळ’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी ही बाजू पाहिलेलीच नसते.

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी एक दुपार उभा होतो. काळी वाळू, तिच्यात बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी. मोल्डरनं मूठभर वाळू दाबली, मोडली, मोडलेली कड निरखली आणि पाण्याचं प्रमाण बरोबर असल्याचं मानेनंच सांगितलं. भट्टीच्या तोंडाशी मळी काढून टाकलेलं मेटल नारिंगी-पांढरं दिसत होतं. लॅडल कलंडला, साच्यात रस उतरला आणि बॉक्सच्या फटींतून निळ्या ज्योती निघाल्या. रस असा पाण्यासारखा धावतो, म्हणून इंजिनाच्या ब्लॉकमधल्या बारीकसारीक वाटासुद्धा एका ओतण्यात घडतात.

पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास तापवावं लागतं. बीड साडेअकराशे-बाराशेलाच वितळतं. माझ्या मते महाराष्ट्राच्या उद्योगाचा इतिहास या फरकात आहे. पत्र्याचं नळकांडं, आतून भट्टीच्या विटा, खालून हवेचा झोत, वरून कोक, चुनखडी आणि भंगार: एवढ्यावर कुपोला पेटतो. पोलादाचा कारखाना काढणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं, कुपोला नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; पहिले 40 नांगर खपायला दोन वर्षं लागली. 1910 साली औंध संस्थानानं कुंडलजवळ निवडुंगाचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे वाचताना मला आजही भरून येतं. पुढे कोल्हापुरात उसाचे चरक आणि ऑईल इंजिनं दुरुस्त करता करता कारागीर स्वतःच ओतकामात उतरले.

बिडाचा ठिसूळपणाही आता अटळ राहिलेला नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं आणि पापुद्र्यांऐवजी ग्रॅफाइटच्या गोळ्या झाल्या. गोळीला टोक नसतं, त्यामुळे तिथून चीर सहज सुटत नाही. हे एस.जी. आयर्न, म्हणजे गोळीदार ग्रॅफाइटचं बीड, तुटण्याआधी वाकतं. फक्त मॅग्नेशियमचा गुण काही मिनिटांतच उतरतो, म्हणून हे मेटल ओतताना फाउंड्रीत कुणी थांबून बोलत नाही. विहार तलावाचं पाणी 1860 साली मुंबईत आलं ते साध्या बिडाच्या नळांतून. आता पाणी योजनांना एस.जी.च्या जातीचेच डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप घालतात.

आमच्या घरी बीड म्हणजे घावनांचं बिडं. अर्धा कांदा तेलात बुडवून चोळला की तळ काळाभोर चमकतो, आणि पीठ पडताच जाळी सुटते. जाड असल्यामुळे ते सावकाश तापतं, आणि एकदा तापलं की गार पीठ पडूनही निवत नाही. एका गौरीच्या दिवशी घाईत मी तापलेलं बिडं नळाखाली धरलं. टच्च असा बारीक आवाज झाला आणि कडेपासून आत चार बोटं चीर गेली. आईनं ते भंगारात दिलं नाही. अजूनही त्याच बिड्यावर घावन घालते, फक्त चिरेच्या अलीकडे.