आधी आतडे शांत, मग पाळणा



लग्नाला वर्ष उलटले, की नव्या सुनेकडे साऱ्या घराचे डोळे लागतात. अशा वेळी तिला किंवा तिच्या नवऱ्याला वारंवार शौचाला लागत असेल, रक्त आणि आव पडत असेल, खाल्लेले अंगी लागत नसेल, तर घरात दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, ‘मूळव्याध असेल, होईल बरी.’ आणि दुसरी, ‘अशा पोटात मूल कसे राहणार?’ या दोन्ही समजुतींपायी पुष्कळ घरांचे नुकसान होते. म्हणून आज या विषयाची नीट माहिती करून घेऊ.

हे दुखणे कोणते?

साधी आव आठ-दहा दिवसांत आटोक्यात येते. पण रक्त, आव, पोटात कळ आणि वजनात घट असे महिनोन्महिने चालले, तर तो आतड्याच्या सुजेचा जुनाट रोग असू शकतो. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. दुसरा क्रोन्स, जो अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो. न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन व त्यांचे सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव पडले. शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, असा हा प्रकार आहे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो काही काळ भडकतो, काही काळ शांत असतो. आणि नेमका ऐन तारुण्यात, लग्नाच्या वयातच पुष्कळदा सुरू होतो.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. दोहोंचे उपचार मात्र अगदी वेगळे. शिवाय क्षय गर्भाशयाच्या नळ्यांत गेला, तर मूल न होण्याचे ते एक मोठे कारण ठरते. म्हणून डाळिंबाच्या सालीचा काढा, बेलफळ असे उपाय करत महिने घालवू नका. दुर्बिणीची तपासणी करून निदान पक्के करून घ्या.

मूल होते का?

होते. रोग शांत असेल, तर अशा स्त्रीला दिवस राहण्याची शक्यता इतर स्त्रियांइतकीच असते. रोग भडकलेला असताना मात्र ती कमी होते. मोठे आतडे काढून आतड्याचीच पिशवी करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तरीही अडचण येऊ शकते. पण त्यावरही आज उपाय आहेत.

आता पुरुषांकडे वळू. मूल झाले नाही, की बोल सुनेलाच लावायचा, ही आपली जुनी खोड. पण नवरा या रोगासाठी सल्फासालाझिनची गोळी घेत असेल, तर त्या गोळीने शुक्रजंतूंची संख्या घटते. हा दोष कायमचा नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, की साधारण तीन महिन्यांत सुधारणा होते. सुनेला दवाखाने दाखवत फिरण्याआधी नवऱ्याच्या गोळ्यांची पट्टी डॉक्टरांना दाखवा!

मूल याच रोगाचे होईल, ही भीतीही अनेकांना असते. आई-वडिलांपैकी एकाला रोग असेल, तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांना तो होत नाही.

गोळ्या बंद कराव्यात का?

सर्वांत मोठी चूक येथेच होते. दिवस राहिले, की ‘बाळाला गरम पडेल’ म्हणून सासू किंवा शेजारीण गोळ्या बंद करायला लावते. गोळ्या सुटल्या, की रोग उसळतो; आणि भडकलेल्या रोगाने गर्भ पडण्याचा, दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचा, कमी वजनाचे मूल जन्मण्याचा धोका वाढतो. बाळाला गोळीपेक्षा रोगाचे भय जास्त आहे, हे मनात पक्के करा. मेसालामिन, सल्फासालाझिन, आधीपासून चालू असलेली अ‍ॅझाथायोप्रिन या गोळ्या गरोदरपणातही बहुधा चालू ठेवतात. सल्फासालाझिन घेणारीला फॉलिक अ‍ॅसिड जास्त मात्रेत लागते.

मेथोट्रेक्सेट मात्र पक्की वर्ज्य. तिने गर्भात व्यंग येऊ शकते. ती चालू असताना मूल राहू देऊ नये आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कित्येक महिने आधी बंद करावी. म्हणून मूल हवे, हा विचार दिवस राहण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. रोग सलग तीन ते सहा महिने शांत राहिला, की मग पाळण्याचा विचार करावा.

दिवस राहिल्यावर

नाव लवकर नोंदवा आणि आशाताईंना हा रोग असल्याचे सांगा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, ती चुकवू नका. जोखमीची बाळंतीण म्हणून सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात पाठवले, तर घाबरू नका. बाळंतपणाचे आणि पोटाचे डॉक्टर मिळून पाहतील, हेच बरे.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते. ते रक्त समजून गोळ्या टाकू नका. त्या सोसत नसतील, तर शिरेतून लोह देता येते. अंगदुखीवर दुकानातून मनाने गोळी घेऊ नका, कित्येक वेदनाशामक गोळ्यांनी हा रोग चेतवतो.

खाण्यात फार बंधने घालू नका. त्रास असेल तेव्हा मऊ भात, मुगाची खिचडी द्या. रोग शांत असेल, तेव्हा ज्वारीची भाकरी सोसेल तशी खाऊ द्या. वारंवार रक्त पडणे, ताप, एका पायाला सूज येऊन दुखणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काहीही दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाळंतपण व बाळ

गुदद्वाराजवळ भगेंद्र किंवा गळू असेल, तर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. एरवी बाळंतपण नेहमीसारखे होऊ शकते. बहुतेक गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येते. एक गोष्ट मात्र कागदावर लिहून ठेवा. गरोदरपणात आईने इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबची इंजेक्शने घेतली असतील, तर जन्मताच दिली जाणारी बीसीजीची लस सहसा सहा महिने लांबवावी लागते. बाळंतपणाच्या ठिकाणी हे आधीच सांगा. इतर लसींचेही विचारून घ्या.

भगिनींनो, या रोगाच्या सुनेला उपास, अंगारे आणि टोमणे यांचा काही उपयोग नाही. तिला हवी वेळेवर गोळी, घराजवळ स्वच्छ संडास आणि ‘तुझे दुखणे आम्हाला ठाऊक आहे, घाबरू नकोस’ एवढा एक शब्द. तो सासूने दिला, तर निम्मे ओझे तिथेच उतरते.