संशोधनास विषय शोधताना

आमच्या शिष्यवृत्ती समितीपुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांची एक अडचण ठरलेली असते. पदव्युत्तर परीक्षा होते, मार्गदर्शक मिळतात आणि मग गाडे विषयाशी अडते. मागे आमच्या एका विद्यार्थिनीने 'सयाजीराव महाराजांचे शैक्षणिक कार्य' ह्या विषयावर आठ महिने टिपणे काढली. त्यावर प्रबंध आधीच झालेले आहेत हे नंतर कळले. वर्ष गेले आणि शिष्यवृत्तीची मुदतही सरली. दोष तिचा एकटीचा नाही. अर्ज मंजूर करताना आम्हीही चौकशी केली नव्हती. म्हणून हे चार शब्द.

बसल्या जागी विषय क्वचितच सुचतो. प्रथम विश्वकोश उघडावा. मराठी विश्वकोश आता संगणकावर घरबसल्या वाचता येतो. नोंदी वाचताना मोठ्या विषयाचे पोटविषय दिसू लागतात. बडोद्याचेच पाहा. १९०६ साली राज्यभर लागू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण, १९१० साली अमेरिकेहून बोलाविलेल्या बोर्डनसाहेबांनी लावलेली ग्रंथालयांची घडी, खेडोपाडी जाणाऱ्या फिरत्या पुस्तकपेट्या. ह्यांतील एकेक धागा प्रबंधास पुरेल.

मग पाहावयाचे ते हे, की कोणी काय करून ठेवले आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट ह्या संस्थेने चालविलेली 'शोधगंगा' ही भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांची पेढीच होय, आणि ती सर्वांस विनामूल्य खुली आहे. 'शोधगंगोत्री'त संशोधनाचे मंजूर आराखडे पाहावयास मिळतात. मात्र तेथे आढळला नाही म्हणजे प्रबंध झालाच नाही, असे समजू नये. सगळेच प्रबंध तेथे पोचलेले नसतात.

शोधाचा शब्द एकच धरून बसू नये. बडोदा, वडोदरा ही दोन्ही नावे घालावी. गायकवाड हे नाव तर इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. एका तऱ्हेने शोधणाऱ्यास निम्मे साहित्य दिसतच नाही. हजार नोंदी आल्या तर काळ, गाव किंवा भाषा घालून शोध आवळावा; चारच आल्या तर सैल करावा. आणि प्रबंध हाती आला की आधी शेवटचे प्रकरण वाचावे. आपल्या हातून राहून गेलेले प्रश्न लेखक पुष्कळदा तेथेच नोंदवितो. विषयांची खाण ती! आमच्या मुलांपैकी फारच थोडी तिथवर जातात.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते ह्यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तके विषयवार नोंदलेली आहेत.

ती विद्यार्थिनी आता पुस्तकपेट्यांकडे वळली आहे. पेट्यांत मराठी पुस्तके किती जात आणि ती कोण वाची, हा तिचा प्रश्न. तिचा नवा अर्ज समितीपुढे आहे. ह्या खेपेस त्यासोबत शोधलेल्या शब्दांची व सापडलेल्या प्रबंधांची यादी आम्ही मागून घेतली. यापुढे सर्वांकडूनच घेऊ.