अर्धवेळ, पण पंचवीस वर्षं!

आमची विंग झाडणाऱ्या मावशींना मी एकदा सहज विचारलं, "मावशी, सुट्टीचा पगार मिळतो का हो?" त्या हसल्याच. "न्हाई रं बाळा, आमी पार्ट-टाइम."

मित्रांनो, या एका शब्दावर सुप्रीम कोर्टाचा २० डिसेंबर २०२४ चा एक निकाल आहे. सिव्हिलवाल्यांना केंद्रीय जल आयोग माहीत असेलच. तिथे १९९३ ते १९९९ या काळात चार जण साफसफाई, बागकाम वगैरेंसाठी 'अर्धवेळ' म्हणून लागले. काम रोजचं, ऑफिस तेच. तरी कायम नाहीत, म्हणजे पेन्शन वगैरे काही नाही. (आपल्या हॉस्टेलचं टेम्पररी वायरिंग आठवा. सीनियर्सच्याही सीनियर्सपासून टेम्पररीच आहे!) कायम करा म्हणून ते केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये अर्ज फेटाळला गेला आणि ऑक्टोबरमध्ये नोटीस न देता त्यांना काढूनच टाकलं.

दिल्ली हायकोर्टातही ते हरले. कारण २००६ चा प्रसिद्ध 'उमादेवी' निकाल. पाच न्यायाधीशांनी तेव्हा म्हटलं होतं की सरकारी नोकरी ही सगळ्यांना समान संधी देऊन भरायची असते, मागच्या दाराने आलेल्याला नुसती वर्षं भरली म्हणून कायम करता येत नाही. मला हे पटतं. आपण उद्या स्पर्धा परीक्षेला बसणार, तेव्हा वशिल्याने कोणी आत गेलेला आपल्याला चालेल का? पण त्याच निकालात बेकायदा नेमणूक आणि फक्त प्रक्रियेत त्रुटी राहिलेली नेमणूक यांत फरक केलेला आहे. ऑफिसं पहिला भाग पाठ करतात, दुसरा विसरतात. २०२४ मध्ये कोर्टाने हेच सुनावलं. शिवाय यांना काढल्यावर तेच काम बाहेरच्या एजन्सीला दिलं होतं. म्हणजे काम काही संपलं नव्हतं! चौघांना परत घेऊन कायम करायचा आदेश झाला. मधल्या काळाचा पगार मात्र नाही, फक्त ती वर्षं निवृत्तीच्या लाभांसाठी धरायची.

या निकालात चक्क मायक्रोसॉफ्टचाही उल्लेख आहे. तिथे वर्षानुवर्षं राबणाऱ्या 'टेम्पररी' लोकांनी १९९२ मध्ये केस केली. स्वस्तात शेअर घ्यायची सवलत कायम लोकांना होती, यांना नव्हती. २००० मध्ये कंपनीने ९.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा कॅम्पसमधून 'कॉन्ट्रॅक्ट'वर जाणाऱ्यांनो, हा विषय फक्त मावशींचा नाही.

आपलं हॉस्टेल खासगी ट्रस्टचं, सरकारी नोकरीचा हा निकाल इथे थेट लागू होत नाही. पण वाद कुठेही गेला तरी सलग काम केल्याचा पुरावा लागतोच. म्हणून मावशींना विचारलं, हजेरी कुठे लागते? "ठेकेदाराच्या वहीत." बघितली आहे? "न्हाई."

मग मीच एक दिवस वेळ लिहून ठेवली. सकाळी सहाला आल्या, दुपारी दोनला गेल्या.