आधी सिंह शोधा!

आमच्या बचत गटातल्या शकूताई मागच्या महिन्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेले सात चमचे घेऊन आल्या. त्यांचे आजेसासरे देवळालीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे खानसामा होते. साहेब विलायतेला परतताना हे चमचे देऊन गेला.

"वहिनी, मुलीच्या होस्टेलची फी भरायचीय. मोडवाला म्हणतो, जर्मन सिल्व्हर आहे, सगळ्यांचे मिळून दोनशे देतो."

म्हटलं, "थांबा, आधी सिंह शोधू!"

लंडनला भाचीकडे गेले होते, तेव्हा पोर्टोबेलो रोडच्या शनिवारच्या बाजारात मी हे शिकले. जुने चमचे जमवणारे तिथे भिंग घेऊनच येतात. दांड्याच्या मागे बारीक शिक्के असतात. चालता सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा. एक अक्षर वर्ष सांगतं, तर आद्याक्षरं कारागिराची. राजाराणीचा चेहरा असेल तर चमचा बहुधा १७८४ ते १८९० मधला, कारण तेव्हा चांदीवर कर होता.

आपण दागिन्यांवर बघतो तो ‘हॉलमार्क’ शब्द लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलवरूनच आला. नवरा गेल्यावर १७६१ साली हेस्टर बेटमन या बाईने तिथे स्वतःचा शिक्का नोंदवला आणि धंदा वाढवला. तिचे ‘एच. बी.’ शिक्क्याचे चमचे आजही लोक हौसेने शोधतात.

आणि ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरं दिसली तर? आत तांबं, निकेल, जस्त. वर नुसता चांदीचा मुलामा!

शकूताईंचे सहा चमचे तसलेच निघाले. त्यांचा चेहरा पडला. सातव्यावरचे शिक्के दर दिवाळीला रांगोळीने घासून पुसट झालेले. भिंगाखाली आधी राणीचा चेहरा दिसला, मग बिबट्या आणि शेवटी सिंह! सोनारानेही चांदीच असल्याचं सांगितलं.

फीसाठी गटाने कर्ज दिलं. चमचा शकूताईंनी लेकीसाठी ठेवलाय.

मैत्रिणींनो, जुना चमचा मोडीत घालण्याआधी उलटा करून बघा. आणि घासायला रांगोळी नको, टूथपेस्ट नको. कोमट साबणाचं पाणी नि मऊ फडकं पुरे. शिक्का पुसला, की चमच्याची ओळखच पुसली!